पांढरी, पत्रा आणि स्लॅब : आपल्या घराची गोष्ट



आज आपण घराविषयी बोलणार आहोत. घरातल्या माणसांविषयी नाही, तर भिंती, छप्पर आणि भुईविषयी. हल्ली 'पर्यावरणपूरक घर', 'हरित बांधकाम' असे शब्द कानावर येतात. घर गार राहावं, वीज कमी लागावी, जवळचं साहित्य वापरावं, घर पाडलं तर त्याचा कचरा होऊ नये, एवढा त्यांचा अर्थ. सातारा-सांगलीच्या माणसाला यात नवं काही नाही. आपल्या आज्या-पणज्या अशाच घरांत नांदल्या. पण म्हणून 'जुनं ते सोनं' असं म्हणून आपण मोकळ्या होणार नाही. त्या घरांनी माणसं गारव्यात ठेवली, तशी एका पहाटे गाडलीही. आणि तो गारवा कुणाच्या तरी हातांवर उभा होता. म्हणून ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायची.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानले जात. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या कागदपत्रांतही हे शब्द येतात. काळ्या मातीत पीक चांगलं येतं, पण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही. पांढरी माती फारशी फुगत नाही, दाबली की घट्ट बसते. म्हणून घर पांढरीत आणि नांगर काळीत. भिंतीही त्याच पांढऱ्या मातीच्या. पाटलांच्या, देशमुखांच्या कित्येक गढ्यांचे उंच तट या मातीचे आहेत. खाली काळ्या दगडाचं जोतं आणि वर मातीचा बुरूज.

या मातीची आणखी एक खुबी होती. घर पडलं की माती तिथंच राही आणि तिच्यावर पुन्हा घर उभं राही. शेकडो वर्षं असं होत गेल्यामुळे जुन्या गावांची पांढरी टेकाडासारखी उंच झाली. त्यात राख, शेण आणि जनावरांचं मूत मुरलेलं असे, म्हणून शेतकरी ती माती गाडीत भरून शेतात खत म्हणून टाकत. म्हणजे घराची भिंत शेवटी भाकरीत उतरायची. आज पाडलेल्या स्लॅबचा राडारोडा ओढ्याकाठी पडलेला दिसतो, तेव्हा हा फरक लक्षात येतो.

पावसाप्रमाणे छप्पर

आपले दोन जिल्हे लांबून एकसारखे वाटतात, पण पावसाच्या बाबतीत ती दोन वेगळी जगं आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे माण, आटपाडी, जतकडे सरकावं, तर तो ५०० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे घरंही दोन तऱ्हांची झाली.

पश्चिमेला, जावळी-पाटणच्या डोंगरात उतरतं छप्पर. गरिबाच्या घरावर गवत, ऐपतदाराच्या घरावर कुंभाराने भाजलेली कौलं. भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. भिंत हलकी, ओल लागली तरी लवकर वाळणारी. पुढे मंगलोरी कौल आलं. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि त्या कौलांनी हळूहळू कुंभाराच्या कौलाची जागा घेतली.

पूर्वेला, माण-खटाव, आटपाडी, जतच्या दुष्काळी पट्ट्यात माळवद. लाकडी खांब, खांबावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांच्यावर फांद्या-पाला आणि वर मातीचा जाड थर. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणायचं, आणि घर किती मोठं हे खणांवरून सांगायचं. वरच्या थराला चोपण माती निवडून आणत. जी माती शेताचं वाटोळं करते, तीच छपराला उपयोगी पडे, कारण पाणी लागलं की ती विरघळून फटी बुजवते.

अशा घरात वैशाखात पाय ठेवला की गार का वाटायचं? भिंत दोन-अडीच फूट जाड, छप्परही जाड. बाहेरचं ऊन या थरातून आत पोचायला संध्याकाळ व्हायची. तोवर बाहेरची हवा उतरलेली असे, आणि रात्री हेच थर थंड होऊन दुसऱ्या दिवसाला तयार. आणि रात्री निजायला माळवद होतंच. दिवसा त्याच माळवदावर मिरच्या, कुरडया, सांडगे वाळत. एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावरच्या बाईशी बोलता येई. उंबऱ्याबाहेर फार जायची मुभा नसलेल्या सुनेला ती एक मोकळी जागा होती.

मातीचा असाच शहाणा उपयोग सांगलीजवळ हरिपूरला झाला. तिथं जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवत. आत उजेड नाही, हवा नाही, त्यामुळे कीड नाही. विजेचा एक दिवाही न लावता हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरात यातली पुष्कळ पेवं गेली.

चुन्याची घाणी

मोठ्या बांधकामाला मातीऐवजी चुना वापरत. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मग वाळू घालून घाणीत दळायची. गोल चरात दगडी चाक आणि ते ओढायला बैल. चुना जितका मुरेल तितका चांगला, म्हणून घाई चालत नसे. महत्त्वाच्या कामात हिरड्याचं पाणी, गूळ असंही घालत. वाईचा ढोल्या गणपती १७६२ साली रास्त्यांनी बांधला. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन बाजूंना फाटावं म्हणून. नदीशी भांडण न करता नदीकाठी कसं राहायचं, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं.

या धंद्याशी आपल्या मातीतली एक थोर माणसंही जोडलेली आहेत. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, आणि जोतीरावांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. जोतीराव बांधकामाचे कंत्राटदारही होते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं. बांधकामावरच्या मजुरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते.

चुना मागे पडला तो सिमेंटमुळे. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ साली इंग्लंडात घेतलं गेलं. भारतात १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. सिमेंट काही तासांत धरतं, भरपूर भार घेतं आणि त्याला घाणी लागत नाही. पण त्यासाठी भट्टी तापवावी लागते १,४५० अंशांपर्यंत. चुन्याला ९०० अंश पुरतात. शिवाय चुना वाळताना भाजतेवेळी सोडलेला कार्बन वायू हवेतून पुन्हा ओढून घेतो आणि त्यानेच घट्ट होतो. भट्टीच्या जळणाचा धूर तेवढा उरतो. जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे. आपल्या एका घरकुलाने त्यात काय फरक पडतो, असं वाटेल. पण अशी घरकुलं लाखांनी होतात.

सारवणाचा हिशोब

आता दुसरी बाजू. मातीचं घर स्वस्त होतं, असं सगळे म्हणतात. स्वस्त कुणाला?

बांधताना गवंडी, सुतार, वडार, कुंभार यांना पैसे किंवा धान्य मिळे. पण मातीचं घर एकदा बांधून संपत नाही. भुई रोजची किंवा दोन दिवसांआड सारवायची. चुलीला रोज पोतेरं. पावसाळ्यानंतर भिंतींची पोपडं काढून पुन्हा लिंपायचं. घट बसायच्या आधी सगळं घर पोतारून काढायचं. पावसाच्या आधी माळवदावर नवी माती घालून चोपायची, आणि गळायला लागलं तर भर पावसात वर चढायचं. त्यासाठी शेण गोळा करायचं, पांढरी माती डोक्यावरून आणायची, आणि दुष्काळी गावात पाणीही लांबून आणायचं. हे सगळं कुणी केलं? घराच्या खर्चाच्या वहीत या कामाची नोंद कधीच झाली नाही. ज्याला आपण आज 'कमी ऊर्जेचं घर' म्हणतो, त्यात बाईची ऊर्जा धरलेलीच नव्हती.

धुराचंही तसंच. माळवदाच्या घराला खिडक्या लहान, कधी नसतच. चोराचं भय आणि उन्हाचीही भीती. छपरात धुरासाठी एक भोक असे, पावसात तेही झाकलं जाई. धुराने लाकडाला कीड लागत नसे, हे खरं. पण तोच धूर चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाई. म्हणून शहाबादी फरशी आली, कोबा आला, तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. जुन्या घराचं कौतुक करणाऱ्याने आधी एक महिना सारवून बघावं.

दोन पहाटा

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. कोयनेला भूकंप झाला. साधारण १८० माणसं गेली आणि कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा मोडकळीला आली. पुढे २६ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ला, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडे साडेनऊ हजारांहून जास्त माणसं गेली. तिथली घरं आपल्या माण-जतच्या घरांच्या जातीचीच होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं छप्पर.

माणसं भूकंपाने मेली नाहीत, भिंतींनी आणि छपरांनी मारली. भिंत बाहेरून जाड दिसायची, पण आतून ती दोन पातळ भिंती असायच्या. बाहेरच्या दगडांची एक रांग, आतल्या दगडांची एक रांग आणि मधे चिखल-गोटे भरलेले. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. जमीन हलली की भिंतीला पोट यायचं आणि ती उकलायची. त्यात माळवदावर दर वर्षी नवी माती पडत गेलेली. जुनी कुणी काढत नसे. थर वाढत वाढत कुठे कुठे दीड-दोन फुटांपर्यंत गेला होता. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

या दोन पहाटांनी माती आणि दगड यांवरचा विश्वास उडाला. तो उडणं साहजिक होतं. पण दोष मातीचा की बांधणीचा, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. किल्लारीनंतर भूकंप झालेल्या भागात घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम निघाला. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगाव बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. भिंतीत आरपार दगड का हवा, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला फिरणारा पट्टा का हवा, हे त्यांनी शिकून घेतलं आणि घरोघर सांगितलं. गवंड्याला प्रश्न विचारणारी बाई बांधकामावर दिसली. आमच्या मते त्या भूकंपानंतरची ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं.

पैसा आला, स्लॅब आला

भीती हे एकच कारण नव्हतं. १९७२च्या दुष्काळात पूर्वेकडची गावं खडी फोडायला गेली. त्यात निम्म्या बायका असायच्या, पाठीवर नाही तर झोळीत मूल. रस्ते झाले, तलाव झाले. रस्त्याबरोबर सिमेंटचं पोतं आणि पत्रा गावात पोचला. जावळी-पाटणची माणसं मुंबईला माथाडी कामाला गेली, खानापूर-आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली. त्यांची मनीऑर्डर गावात आली की आधी घर व्हायचं, आणि घर म्हणजे स्लॅब. स्लॅब ही नुसती सोय राहिली नाही, ती पत झाली. सोयरीक ठरवताना आजही विचारतात, "घर स्लॅबचं आहे ना?"

कृष्णाकाठी उसाचा पैसा आला आणि वीटभट्ट्या वाढल्या. नदीकाठची गाळाची माती, म्हणजे पिकाला सगळ्यांत चांगली माती, विटांत गेली. वाळू उपसून नदीचं पात्र खरवडलं गेलं, आणि आता खडी क्रशरची वाळू वापरावी लागते.

दुष्काळी भागात ज्यांना स्लॅब परवडला नाही, त्यांनी माळवद उतरवून पत्रा टाकला. पत्रा हलका, भूकंपात कमी मारणारा, गळत नाही, सारवावा लागत नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याखाली भाकरी थापून बघा. पत्रा ऊन अडवत नाही, ते आत सोडतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री, आपण निजतो तेव्हा, ती धग खाली सोडतो. मग पंखा, मग कूलर, मग विजेचं बिल. पुरुष पारावर, रानात, गावात जातो. बाळंतीण, म्हातारी आणि स्वयंपाक करणारी घरातच असते. जुन्या घरात बाईला कष्ट होते, नव्या घरात तिला उष्मा मिळाला.

आणि नदीकाठी वेगळंच संकट. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा घरांत शिरली. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. कच्च्या मातीच्या भिंती अशा पाण्यात दिवसेंदिवस उभ्या राहू शकत नाहीत. त्या बसल्या. त्यामुळे जतला जे शहाणपण आहे, ते पूररेषेतल्या गावाला लावता येत नाही. घर जागेप्रमाणेच हवं.

घरकुल मंजूर झालंय, आता काय?

आमच्याकडे येणाऱ्या बायकांत घरकुल मंजूर झालेल्या बऱ्याच असतात. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे करायचं असतं. मग नाव तुमचं, तर निर्णयात आवाजही तुमचा हवा. इतिहासातून जे शिकलो, ते गवंड्यासमोर असं मांडा.

जुन्या घराचा दगड, लाकूड फेकू नका. दगड पुन्हा वापरा, पण बांधणी बदला. उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्यात दर चार फुटांवर एक आरपार दगड हवा. तो गवंड्याकडून दाखवून घ्या. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सगळ्या भिंतींना बांधणारा सळईचा काँक्रीटचा पट्टा हवा. मातीच्या आणि दगडाच्या घरांना भूकंपात कसं टिकवावं, याचे भारतीय मानक १९९३ सालीच निघाले आहेत. इंजिनिअरला त्यांच्याविषयी विचारा.

छपरावर मातीचा ढीग परत चढवू नका. भिंत जाड आणि छप्पर हलकं, हा भूकंपाने शिकवलेला धडा. स्लॅब असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला चुन्याचे दोन पांढरेशुभ्र हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. पत्रा असेल तर खाली हातभर जागा सोडून बांबूच्या चटईचं आढं करा आणि त्या मधल्या जागेतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. चुलीच्या वर मात्र चटई नको.

विटा घेणार असाल तर त्या उभ्या कडेवर ठेवून मधे पोकळी सोडणारी बांधणी विचारा. तिला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. केरळात लॉरी बेकर यांनी ती खूप वापरली. साधारण पाव भाग विटा वाचतात आणि मधली हवा ऊन अडवते. मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या विटाही होतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या 'अस्त्र' केंद्राने त्यांवर पुष्कळ काम केलं आहे.

जुनी मातीची भिंत राखणार असाल, तर तिला सिमेंटचा गिलावा देऊ नका. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून कुजते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा द्या. पश्चिमेला ओसरी किंवा दोडक्याचा मांडव करा. स्वयंपाकघरात वर, छपराजवळ झरोका हवाच. गॅस असला तरी हवा. पूररेषेजवळ असाल तर पैसे आधी जोत्यात घाला.

आणि भुई? भुईला फरशीच ठेवा. शेणाने सारवण्याचा वसा घरातल्या एकटीच्या गळ्यात परत बांधायचा असेल, तर ते पर्यावरणपूरक घर आम्हाला नको. गारवा हवा, पण तो भिंतीने, सावलीने, झरोक्याने द्यावा. शंभर वर्षं तो बाईच्या मनगटातून काढला, तेवढं पुरे.

पुढच्या वेळी पाण्याविषयी बोलू, छपरावरून पडणारं पाणी हौदात कसं घ्यायचं ते. तोपर्यंत एक करा. आपल्या गावात अजून जी मातीची घरं उभी आहेत, ती बघून या, आणि ती बांधणारा जुना गवंडी हयात असेल तर त्याला चार प्रश्न विचारा. शेजारणीलाही बरोबर घेऊन जा.